गोदाकाठची साले : शके, शुहूर आणि फसली

सोलापूर-धुळे महामार्गावर, जालन्याकडे जाणारा रस्ता जिथे फुटतो तिथे अंबड तालुक्यातले वडीगोद्री हे गाव आहे. दक्षिणेला शहागड आणि गोदावरीचे पात्र, पश्चिमेला सातवाहनांचे पैठण, पूर्वेला ज्योतिष्यांचे पाथरी. या पट्ट्यावर दोन हजार वर्षांत ज्या राजवटी आल्या, त्यांतल्या बहुतेकींनी येताना आपले सालही आणले. सातवाहनांनी ऋतूंचे पंधरवडे मोजले. पुढे शक आला, तुघलकांच्या काळात शुहूर सन सुरू झाला, मोगलांनी फसली साल आणले, हिजरी सन तर दरबारात होताच. इंग्रजी तारीख निजामी कारभारात शिरली आणि १९५७ साली भारतीय सौर दिनदर्शिका आली. सारा मात्र पीक निघाल्याशिवाय वसूल होत नसे, आणि पीक पावसावर, म्हणजे सूर्यावर अवलंबून. त्यामुळे बाहेरून आलेल्या सालाला इथे टिकायचे असेल, तर कधी ना कधी शेताच्या वर्षाशी जुळवून घ्यावे लागले. या पट्ट्यातल्या कालगणनेचा इतिहास हा मुख्यतः त्या जुळवाजुळवीचा इतिहास आहे.

सातवाहनांच्या कोरीव लेखांत आज ओळखीचे वाटणारे महिने सहसा दिसत नाहीत. नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या प्रसिद्ध लेखाची तारीख अशी आहे : वासिष्ठीपुत्र पुळुमावीचे राज्यवर्ष १९, ग्रीष्माचा दुसरा पंधरवडा, दिवस १३. वर्षाचे तीन ऋतू, ग्रीष्म, वर्षा आणि हेमंत, प्रत्येक ऋतूचे आठ पंधरवडे, आणि वर्षाचा आकडा म्हणजे राजा गादीवर बसून झालेली वर्षे. राजा बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. अशा तारखेवरून ऋतू अचूक कळतो, पण दोन राजांमध्ये किती वर्षे गेली हे कळत नाही. सातवाहनांच्या कालक्रमावर अभ्यासकांचे अजून एकमत होत नाही, त्याचे मोठे कारण हेच.

सलग चालणारा सन या प्रदेशाला मिळाला तो सातवाहनांच्या शत्रूंकडून. शक क्षत्रपांच्या लेखांतली वर्षे इ.स. ७८ पासून मोजलेली आहेत. कच्छमधील अंधौ येथील लेख वर्ष ५२ चे, रुद्रदामनाचा जुनागढचा लेख वर्ष ७२ चा, म्हणजे इ.स. १५० च्या आसपासचा. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपान क्षत्रपाचा पाडाव केला, त्याचा पुरावा नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ साली मिळाला. तिथल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुतेकांवर नहपानाच्या ठशावर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. नाण्यावरचा ठसा बदलला, सन मात्र शकांचाच राहिला. पुढे दक्षिणेतल्या राजांनी तो उचलला. वाशीम जिल्ह्यातल्या हिस्से बोराळा येथील वाकाटक देवसेनाच्या काळच्या लेखात शके ३८० आहे, बदामीच्या पहिल्या पुलकेशीच्या लेखात शके ४६५. शालिवाहनाचे नाव या सनाला चिकटले ते त्यानंतर कित्येक शतकांनी. कुंभाराच्या घरी वाढलेल्या पोराने मातीच्या सैनिकांत प्राण फुंकून विक्रमादित्याला हरवले, ही पैठणची कथा लोकांना इतकी आवडली की शकांचा सन शकांना हरवणाऱ्या घराण्याच्या नावावर जमा झाला. इतिहासाने केलेल्या उलटापालटींत ही बहुधा सर्वांत टिकाऊ ठरली. गुढीपाडव्याच्या प्रत्येक संकल्पात ती आजही उच्चारली जाते.

शक ही नुसती वर्षांची मोजणी. त्या वर्षाच्या आतली रचना चांद्र आणि सौर अशी दुहेरी आहे. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात. असे बारा महिने झाले की ३५४ दिवस होतात आणि सूर्याच्या वर्षापेक्षा जवळजवळ ११ दिवस कमी पडतात. ही तूट भरून काढायची युक्ती संक्रांतीवर उभी आहे. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ती संक्रांत. सामान्यतः प्रत्येक चांद्रमासात एक संक्रांत येते आणि तिच्यावरून महिन्याचे नाव ठरते. सूर्य ज्या चांद्रमासात मेषेत जातो तो चैत्र, ज्यात वृषभेत जातो तो वैशाख. तूट साठत साठत साधारण साडेबत्तीस महिन्यांनी असा एक महिना येतो की ज्यात संक्रांत पडतच नाही. तो अधिक महिना, घराघरांतला धोंड्याचा महिना, आणि जावयाला तेहतीस अनारसे वाढायचा हंगाम. २०२० मध्ये आश्विन अधिक होता, २०२३ मध्ये श्रावण, २०२६ मध्ये ज्येष्ठ.

याच्या उलटही घडते, पण क्वचित. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते, तेव्हा सूर्य राशी भराभर ओलांडतो आणि धनूसारखी रास चांद्रमासापेक्षाही थोड्या वेळात संपते. अशा वेळी एकाच चांद्रमासात दोन संक्रांती पडू शकतात आणि एक महिना गळतो. तो क्षयमास. शके १८८५ आणि शके १९०४ या दोन्ही वर्षी तो आला. ज्या वर्षी क्षयमास असतो त्या वर्षी त्याच्या मागेपुढे दोन अधिक महिने येतात, त्यामुळे हिशेब शेवटी बाराच्या खाली जात नाही.

दिवसाच्या पातळीवर तिथी. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने एखादी तिथी २० तासांत संपते, तर एखादी २६ तासांहून लांबते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. म्हणून एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते, तर एखादी एकही न पाहता निघून जाते. महिन्याचा शेवट कुठे धरायचा यावरही मतभेद आहेत. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात बहुतेक ठिकाणी पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकच, वद्य पक्षाचे नाव मात्र बदलते. इथली श्रावण वद्य अष्टमी ही मथुरेची भाद्रपद कृष्ण अष्टमी. मराठवाड्यात बैलपोळा श्रावणाच्या अमावास्येला येतो. म्हणजे तो इथे महिन्याचा शेवटचा दिवस, आणि उत्तरेच्या हिशेबाने तोच भाद्रपदाच्या मध्यावर.

हे सगळे गणित करणारी माणसे वडीगोद्रीच्या आसपासच्या गोदाकाठावर पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि ती लहानसहान नव्हती. पार्थपूर म्हणजे आजचे पाथरी. तिथल्या ज्ञानराजाने शके १४२५ मध्ये, इ.स. १५०३ च्या सुमारास, ‘सिद्धान्तसुंदर’ हा ज्योतिषाचा ग्रंथ लिहिला. त्याचे मुलगे चिंतामणी आणि सूर्यदास हेही गणिती होते. गोदावरीच्या उत्तर तीरावरच्या गोलग्राम या गावच्या दिवाकराने कोकणात नांदगावला जाऊन गणेश दैवज्ञाकडे शिक्षण घेतले. गणेशाचा ‘ग्रहलाघव’ शके १४४२ चा. त्यात त्याने ज्या (साइन) आणि चाप (कंस) यांचा किचकट हिशेब टाळून सोपी समीकरणे दिली, आणि फार मोठ्या संख्या वापराव्या लागू नयेत म्हणून अकरा वर्षांचे, ४,०१६ दिवसांचे एक चक्र धरले. पंचांग करणाऱ्याला पाटीवर मिती काढता येऊ लागली, आणि पुढची तीनशेहून अधिक वर्षे महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगे याच पुस्तकावर चालली. दिवाकराच्या मुलांपैकी मल्लारी आणि विश्वनाथ यांनी ‘ग्रहलाघवा’वर टीका लिहिल्या. हे घराणे काशीला गेले, आणि त्याच घराण्यातल्या कमलाकराने तिथे १६५८ साली ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ पुरा केला. गोदाकाठ सोडून गेलेले गणित काशीत गाजले. मागे गावोगावी राहिला तो ग्रामजोशी.

ग्रामजोशी बलुतेदार होता. पाडव्याला चावडीवर किंवा मारुतीच्या पारावर पंचांग वाचायचे, वर्षाचा राजा कोण आणि मेघांचा अधिपती कोण ते सांगायचे, लग्नाची तिथी काढून द्यायची, आणि त्याबद्दल सुगीत खळ्यावरून धान्य न्यायचे, असा त्याचा व्यवहार. पाडव्याच्या वाचनात कुणब्यांचे कान ज्याच्यासाठी उभे राहत तो भाग मात्र तिथीचा नव्हता. तो सूर्यनक्षत्रांचा होता. सूर्य सत्तावीस नक्षत्रांपैकी एकेकात साडेतेरा दिवस राहतो. रोहिणीत तो २५ मेच्या सुमारास शिरतो, मृगात ७-८ जूनला, आर्द्रात २१-२२ जूनला. पुढे पुनर्वसू आणि पुष्य, म्हणजे तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस. मग आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. प्रत्येक नक्षत्राला जोशी वाहन सांगे : बेडूक, हत्ती, घोडा, गाढव. वाहनावरून पावसाचे भाकीत करणे हा श्रद्धेचा भाग. पण नक्षत्रांचा क्रम आणि त्यांच्या तारखा हा चोख सौर पंचांगाचा भाग आहे. पाडवा मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कुठेही येतो, मिरग मात्र जागचा हलत नाही. म्हणून सण तिथीवर आणि पेरा नक्षत्रावर. रोहिण्यांत धूळपेरणीचा धोका कुणी पत्करायचा, मिरगात मूग, उडीद आणि कपाशी, उत्तरा-हस्तात रब्बीची ज्वारी, हे वेळापत्रक कुठल्याही राजाने घालून दिलेले नाही. पण सालगड्याचा करार पाडव्यापासून पाडव्यापर्यंतचा. म्हणजे मजुरीचे वर्ष चांद्र आणि कामाचे वर्ष सौर. गावाला त्यात कधी विसंगती वाटली नाही.

हे मिरगाचे वर्ष सरकारी कागदावर आले ते तुघलकांच्या काळात. महंमद तुघलकाने १३२७ साली देवगिरीला दौलताबाद करून राजधानी केली. ती राजधानी फार वर्षे टिकली नाही. पण त्याच्याच कारकिर्दीत दख्खनच्या वसुलीसाठी जो सन सुरू झाला तो राजधानीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक टिकला. हिजरी ७४५ हे वर्ष १५ मे १३४४ ला सुरू झाले. तो आकडा घेऊन पुढची मोजणी सूर्याच्या वर्षाने करायची आणि साल मृग नक्षत्राला बदलायचे, अशी ही व्यवस्था. हा शुहूर सन. मराठी दप्तरात तो सुहूर सन, सुरसन, अरबी सन किंवा मृगसाल या नावांनी येतो. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन निघतो. जानेवारी ते मृगापर्यंतच्या तारखेला ६०० मिळवायचे.

या सनाचा आकडा अंकांत लिहीत नसत. तो अरबी शब्दांत लिहीत, आणि एकम आधी. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच. अशर दहा, सितैन साठ, सबैन सत्तर. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ च्या जूनचा, म्हणून त्याचे साल ‘खमस सबैन व अलफ’, १०७५. पानिपतची लढाई जानेवारी १७६१ ची, तिचे साल ‘इहिदे सितैन मया व अलफ’, ११६१. मोडी कागदाच्या शेवटी अशी शब्दांची माळ असते, आणि तिच्या आधी ‘छ’ या अक्षरानंतर चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना : छ अमुक रजब, छ अमुक जिल्हेज. वर्ष सौर, महिना मात्र शुद्ध चांद्र. मृगापासून मृगापर्यंत ३६५ दिवस आणि त्यात बारा चांद्रमास आणि वर अकरा दिवस, त्यामुळे एकाच शुहूर सालात एखाद्या महिन्याच्या काही तारखा दोनदा येतात. त्या दोनपैकी पत्र कुठल्या तारखेचे, हे मजकुरावरून ठरवावे लागते. इतिहास संशोधकांनी जंत्र्या, म्हणजे तारखांची कोष्टके, करण्यात आयुष्ये घालवली ती याच कारणासाठी. बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री आणि पुढे एल. डी. स्वामिकन्नू पिळ्ळै यांचे ग्रहगणिताचे खंड हाताशी नसतील, तर पेशवाईचा कागद वाचता येतो, पण त्याची तारीख लावता येत नाही.

फसली साल हे त्याच प्रश्नाचे मोगलांनी काढलेले उत्तर. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचे, ऋतूंच्या मागे दरवर्षी अकरा दिवस सरकणारे. बत्तीस पिके निघतात तोवर हिजरी सन तेहतीस पुढे जातो. सारा हिजरी सनाप्रमाणे आकारला तर रयतेला बत्तीस पिकांवर तेहतीस साऱ्यांचा बोजा. अकबराने हिजरी ९६३ हे आपल्या राज्यारोहणाचे वर्ष धरून तिथून पुढे पिकाचे साल सौर केले. दख्खनमध्ये ही पद्धत शहाजहानच्या काळात, अहमदनगरची निजामशाही बुडाली त्या १६३६ च्या सुमारास, हिजरी १०४६ चा आकडा घेऊन आली. मधल्या ऐंशी वर्षांत हिजरी आणि सौर यांत दोन-अडीच वर्षांचा फरक पडला होता. म्हणून उत्तरेचे फसली आणि दख्खनचे फसली यांचे आकडे जुळत नाहीत. दख्खनच्या सालात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात, उत्तरेच्या सालात ५९२ किंवा ५९३. तत्त्व एकच, फक्त लागू केल्याची तारीख वेगळी. महाराष्ट्रात हे फसली सालही मृगालाच बदलू लागले, शुहूर सनासारखे. दिल्लीहून दोन वेळा दोन वेगळे सन आले आणि दोन्ही मिरगापाशी येऊन थांबले.

एकाच दिवसावर किती साले बसत, ते जालना जिल्ह्यातल्याच एका दिवसावरून दिसते. २३ सप्टेंबर १८०३ ला असई येथे वेलस्लीच्या फौजेने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. इंग्रजांच्या खलित्यांत ती इंग्रजी तारीख आहे. गावात ते शके १७२५ च्या आश्विनातले नवरात्र होते. मराठी दप्तरात साल ‘अर्बा मयातैन व अलफ’, १२०४, आणि महिना जमादिलाखर. वसुलीच्या खात्यात फसली १२१३. हैदराबादच्या निजामाच्या दरबारात हिजरी १२१८. पाचही मोजण्या बरोबर होत्या, आणि त्या त्या कामाच्या माणसाला आपली एकच पुरे होई. कुलकर्ण्याला मात्र किमान तीन ठेवाव्या लागत.

इंग्रजी अमलाखालच्या महाराष्ट्रात शुहूर सन हळूहळू मागे पडला आणि इंग्रजी महिने कारभारात आले. अंबड-जालन्याचा मुलूख मात्र निजामाकडे राहिला, आणि इथे फसली सालाला नवे आयुष्य मिळाले. दिवाण पहिले सालारजंग (१८५३-१८८३) यांनी महसूल, न्याय आणि पोलीस यांची नवी घडी बसवली आणि १८६५ साली जिल्हाबंदी केली. राज्याच्या फसली सालाची सुरुवात मृगावरून हलून ६ ऑक्टोबरला आली, आणि महिन्यांना इराणी नावे मिळाली : आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दिबेहेश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवार, मेहेर, आबान. ही नावे झरतुष्ट्री पंचांगातली. अकबराच्या इलाही सनातही ती होती. पण प्रत्येकाने ती आपापल्या जागी बसवली. इराणात फरवर्दीन मार्चच्या विषुवदिनाला सुरू होतो, मुंबईच्या पारशांचा ऑगस्टच्या मध्यावर, आणि हैदराबादेत तो वर्षाचा पाचवा महिना होऊन फेब्रुवारीत येई. इराणातला नववा महिना, आजूर, हैदराबादेत पहिला. वडीगोद्रीच्या पटवाऱ्याला किंवा अंबडच्या तहसिलीतल्या कारकुनाला इराणचे विषुव कुठे आहे याच्याशी कर्तव्य नव्हते. आजूरला साल सुरू होते, खरीप पदरात पडत असते, आणि रब्बीचा हप्ता त्याच सालात बसतो, एवढे त्याला पुरे होते. राज्याचे वार्षिक अहवाल, कायदे, कोर्टाचे निकाल, शाळांचे दाखले, सगळे फसली सालाचे. जमीन महसुलाचा मूळ कायदा १३१७ फसलीचा आठवा. निजामाची फर्माने मात्र हिजरी तारखांनीच निघत. शिवाय ब्रिटिश रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार इंग्रजी तारखांचा, आणि घरात शके आणि तिथी.

त्या काळात पंचांगाच्या बाजूलाही वाद पेटले होते. ‘ग्रहलाघवा’वरची मिती आकाशाशी जुळेनाशी झाली होती. ग्रहण पंचांगात लिहिलेल्या वेळी लागत नसे. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली आणि १८६५ पासून नव्या गणितावर पटवर्धनी पंचांग निघू लागले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ १८९६ चा. मराठीत लिहिलेल्या विद्वत्तेच्या पुस्तकांत त्याच्या तोडीची फार थोडी सापडतील. लोकमान्य टिळकांनी छत्र्यांचा पक्ष घेतला. वादाचे मूळ राशिचक्राच्या आरंभबिंदूत होते. रेवतीचा तारा धरायचा की चित्रेच्या समोरचा बिंदू, यात सुमारे चार अंशांचा फरक पडतो, आणि सूर्य रोज साधारण एक अंश चालतो. म्हणून टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीला येते आणि बाकीच्या पंचांगांत १४-१५ ला. अधूनमधून अधिक महिनाही वेगळा पडतो. लोकांनी शेवटी बहुसंख्य पंचांगांचा निर्णय उचलला. सोलापूरचे दाते पंचांग आणि १९७३ पासून जयंतराव साळगावकरांचे ‘कालनिर्णय’ यांनी घरोघरचा प्रश्न मिटवून टाकला. या वादापलीकडची गोष्ट अशी, की नक्षत्रे ताऱ्यांना बांधलेली आणि ऋतू विषुवाला. हे दोन्ही साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस या गतीने एकमेकांपासून दूर जातात. शिवकाळातला मिरग आजच्या तारखांच्या हिशेबाने चार-पाच दिवस आधी येत असे.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती जाहीर केली. त्या दिवशी शके १८७० ची भाद्रपद शुद्ध चतुर्दशी, म्हणजे अनंत चतुर्दशी होती. हिजरी १३६७ चा जिल्काद चालू होता. राज्याच्या कागदावर १३५७ फसलीचा आबान, म्हणजे सालाचा शेवटचा महिना. पुढच्या आजूरला १३५८ साल लागले तेव्हा कारभार लष्करी गव्हर्नरकडे होता. मुक्तिसंग्राम दिन आज पाळला जातो तो इंग्रजी तारखेने.

फसली साल कारभारातून लगेच गेले नाही. कायद्यांच्या नावांत तर ते पुढेही राहिले. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. तोवर १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदाच इथे चालू होता. १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ ला अमलात आली तेव्हा तो रद्द झाला. मधल्या काळात केंद्र सरकारने पंचांगाच्या एकीकरणाचा प्रयत्न केला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे मराठी सदस्य होते. तिच्या शिफारशीने २२ मार्च १९५७ हा १ चैत्र १८७९ ठरला. चैत्र ३० दिवसांचा, लीप वर्षी ३१ चा. पुढचे पाच महिने ३१ चे, उरलेले सहा ३० चे. गणिताने ही रचना निर्दोष आहे. पण तिचा चैत्र गुढीपाडव्याला सुरू होत नाही, तिचा श्रावण पोळ्याला संपत नाही, आणि शेतकऱ्याचा मिरगही तिच्यात नाही. ती राजपत्राच्या माथ्यावर आणि आकाशवाणीच्या निवेदनात राहिली.

आज वडीगोद्रीच्या परिसरात चालणारी साले निराळी आहेत. अंबड तालुका १ मे १९८१ पासून जालना जिल्ह्यात आहे. तलाठ्याचे महसूल वर्ष १ ऑगस्टला सुरू होते आणि ३१ जुलैला संपते. सोसायटीचे आणि बँकेचे वर्ष १ एप्रिलचे. जवळच्या अंकुशनगरच्या समर्थ सहकारी साखर कारखान्याचा गाळप हंगाम ऑक्टोबरपासून मोजला जातो, निजामाच्या आजूरपासून फार दूर नाही. ऊसतोडीची टोळी दसरा-दिवाळीला निघते आणि पाडव्याच्या आसपास परतते. पीकविम्याच्या मुदती इंग्रजी तारखांच्या, पण त्यांचा खरीप मिरगाला आणि रब्बी हस्ताला धरूनच आखलेला असतो.

जुन्या सालांची गरज पुन्हा अचानक पडली ती २०२३ मध्ये. वडीगोद्रीच्या शेजारच्या अंतरवाली सराटीतील मराठा आरक्षणाच्या उपोषणानंतर राज्य सरकारने सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि मराठवाड्यातली निजामकालीन कागदपत्रे कुणबी नोंदींसाठी तपासली जाऊ लागली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. इतर मागास वर्गाच्या दाखल्यासाठी पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा लागतो. नोंदी मात्र फसली सालांत आणि आजूर-दैच्या महिन्यांत. नोंद वाचताना आधी ती कोणत्या राजवटीची आहे हे ठरवावे लागते. मोडीत, ‘छ’ घालून, अरबी शब्दांत साल असेल, तर ते शुहूर : आकडा उलटा वाचायचा आणि मृगाआधीची तारीख असेल तर ६००, नंतरची असेल तर ५९९ मिळवायचे. फसली असेल आणि इराणी महिना असेल, तर ते हैदराबादचे ऑक्टोबरी साल : ६ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबरपर्यंत ५९०, म्हणजे आजूर, दै आणि बहमनचा बहुतेक भाग, पुढे सालाच्या अखेरीपर्यंत ५९१. १३३१ फसलीचा आजूर म्हणजे ऑक्टोबर १९२१, त्याच सालाचा आबान म्हणजे सप्टेंबर १९२२. नुसता फसली आकडा असून महिना नसेल, आणि कागद सालारजंगांच्या आधीचा असेल, तर साल मिरगाचे धरून मोजायचे.